भातातली वाट

तुळशीचं लग्न लागलं की माझं डोकं फिरायला लागतं. घरातले म्हणतात, वय झालं. वयाचं काही नाही, हा त्या हवेचा दोष आहे. सकाळी गॅलरीत उभी राहिले की समोरच्या लूमच्या पत्र्यावर दव दिसतं, खांद्याला जरासा गारवा लागतो आणि नाक आपोआप वर होऊन कापलेल्या भाताचा वास शोधू लागतं. तो येत नाही. येतो तो सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यांच्या धुराचा आणि डिझेलचा. भिवंडीत राहणाऱ्या माणसाने नाकाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत हे मला कळतं, पण नाकाला कळत नाही. मग दिवसभर मी भांडी आदळत फिरते.

यंदा त्यात फोनची भर पडली. आमच्या गावचं मंडळ दर डिसेंबरात मानवी हक्क दिनाला व्याख्यान ठेवतं. विषय थोडाफार बदलतो, सूर तोच असतो, की मानवी हक्क जपणं ही प्रत्येकाची जबाबदारी आहे. मंडळाचे चिटणीस म्हणाले, ‘‘मॅडम, यंदाही आभार तुम्हीच मानायचे.’’ या तालुक्यात माझी ख्याती एवढीच आहे. हळदीकुंकवापासून ग्रंथदिंडीपर्यंत मी सगळ्यांचे आभार मानलेले आहेत. कुणाचं नाव सुटत नाही, क्रम चुकत नाही, चहावाल्यालाही मी विसरत नाही. पण या व्याख्यानाचं नाव काढलं की मला तीन वर्षांपूर्वीचा तो एक हंगाम आठवतो. चिटणिसांना मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

माझं माहेर राहनाळच्या पुढे, खाडीच्या अंगाला. गावाची रचना साधी. एका बाजूला आमची आगऱ्यांची घरं आणि त्यांच्या मागे हायस्कूल. पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी कातकऱ्यांचा पाडा. आणि हायस्कूल व पाडा यांच्या बरोबर मध्ये आमचं शेत. पावसाळ्यात त्या शेतात गुडघाभर पाणी आणि पाण्यात भात. तेव्हा पाड्यावरची माणसं लांबचा वळसा घेऊन, निसरड्या बांधांवरून गावात यायची. दसरा उलटला, पाणी उतरलं, ओंब्या वाकल्या की कापणी धरायची. आणि आमच्याकडे कापणी कडेने सुरू होत नसे. आधी शेताच्या मधून, तिरकी, दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी पट्टी कापायची. पाड्याच्या टोकापासून हायस्कुलाच्या टोकापर्यंत. आधी वाट, मग शेत.

बाबा पुढे चालायचे, हातांनी भात दोन्ही बाजूंना सारत. त्यांच्यामागे लाडकी आणि तिचा नवरा, विळे घेऊन. लाडकी पाड्यावरची. ऐन तारुण्यातली, बोलायला कमी आणि हाताला चलाख. आमची कापणी दर वर्षी तिच्याच हाताने सुरू व्हायची. मधलं भात सकाळी ओलं असतं, ते कापून पसरलं की ती कडपं लवकर सुकत नाहीत, त्यातले काही दाणे वायाच जातात. मी लहानपणी बाबांना विचारलं होतं की मग मधलंच का कापायचं आधी. बाबा म्हणाले, ‘‘वाट काय आपली हाय? पानी आलं म्हनून चार म्हयनं ठेवून घेतली.’’ मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. घरात मीठ कुठे ठेवतात तशी ती एक माहिती होती.

त्या वाटेवरचे खुंट टोचायचे. आठ-दहा दिवस पोरं पाय उचलून उचलून चालत, मग इतकी पावलं पडत की खुंट चिरडून माती वर येई आणि पांढरी रेघ दिसू लागे. सकाळी धुक्यात आधी पोरांचे आवाज ऐकू यायचे, मग पोरं. दुपारी त्याच वाटेने भारे यायचे. डोक्यावर एवढा मोठा भारा की खालचं माणूस दिसत नसे. संध्याकाळी आईच्या चुलीवर नव्या तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, आणि अंगणात पेंढ्याचा असा गोड वास की झोप अंगणातच लागावी. झोडणी संपली की आम्ही घरचे सगळे अकलोलीला जायचो, गरम पाण्याच्या कुंडांवर. चार महिन्यांचं चिखलपाणी पायांतून काढायचं असं आई म्हणायची. तिच्या टाचांच्या भेगा त्या पाण्यात पांढऱ्या व्हायच्या आणि ती डोळे मिटून बसून राहायची. लाडकीच्या टाचा आईपेक्षा वाईट होत्या. ती कधी आमच्याबरोबर आली नाही. गाडीत जागा नसते, अशी माझी समजूत होती. जागा असायची.

हे सगळं आठवताना गळा भरून यावा अशी पद्धत आहे. माझा येत नाही. मला चीड येते, कारण यातलं काहीही काळाने नेलं नाही. आम्ही घालवलं, सह्या करून घालवलं.

माझ्या सहीची गोष्ट मी फारशी सांगत नाही. बाबा गेले, जमिनीवर वारस म्हणून आईचं, विलासचं आणि माझं नाव लागलं. विलास म्हणजे माझा धाकटा भाऊ, आता सगळे त्याला विलासशेठ म्हणतात. आजूबाजूच्या शेतांत गोडाऊनं उभी राहत होती. एकेक पावसाळा संपला की एकेक हिरवा तुकडा कमी झालेला दिसायचा. विलासलाही गोडाऊन बांधायचं होतं. मग आमच्याकडे जे होतं ते झालं. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं की भावाच्या दारात मानानं यायचं असेल तर हक्कसोडपत्रावर सही करून टाक. सगळ्याच बहिणी करतात. माझ्या दोन्ही मावश्यांनी केली, आत्याने केली. विलास मला गाडीतून निबंधकाच्या कचेरीत घेऊन गेला, अंगठा घेतला, फोटो काढला, नंतर चांगल्या हॉटेलात जेवू घातलं आणि घरी सोडताना साडी दिली. जांभळी होती. मला आवडलीही.

मी त्या वेळी गावच्याच हायस्कुलात मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. वीस वर्षं शिकवत होते. मूलभूत हक्क हा धडा मला पाठ होता, पोरांना तर इतका पाठ होता की झोपेत उठवून विचारलं तरी त्यांनी सांगितला असता. हक्क विकता येत नाहीत, कुणाला देता येत नाहीत, त्यांचं रक्षण नागरिकांनी स्वतः करायचं असतं. सही करून आले त्याच आठवड्यात मी हे फळ्यावर लिहिलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. मला वाटलं, माझं आहे, मी सोडते, यात तिसऱ्याचं काय जातं?

जमिनीची मोजणी श्रावणात झाली. शेतात भात उभं होतं. मोजणीवाले आले, त्यांनी कडेने खुणा केल्या, मधे बघितलं तर हिरवंगार. वाट कुठे दिसणार? कागदावर ती कधीच नव्हती, आणि त्या दिवशी जमिनीवरही नव्हती. घरात कुणी बोललं नाही. विलास बोलला नाही कारण त्याचं काम होतं, आई बोलली नाही कारण तिला कुणी विचारलं नाही. मी तिथे नव्हतेच, आणि असते तरी कोण म्हणून बोलणार होते? माझा हिस्सा मी सोडला होता. पुढच्या वर्षी पेरणी झाली नाही. डंपरने भराव आला, टेकडीचीच माती. मग सिमेंटच्या तयार फळ्यांची भिंत उभी राहिली, डोक्यापेक्षा उंच, वर काटेरी तार. पाडा भिंतीच्या पलीकडे, हायस्कूल अलीकडे, आणि पावसाळ्यातले बांधही भरावाखाली.

त्या वर्षी रंजना माझ्याकडे नववीत होती. रंजना लाडकीची नात. बारीक अंगाची, अक्षर टपोरं, आणि हात वर करताना पूर्ण वर न करणारी. पाड्यावरून नववीपर्यंत पोचलेली ती तिसरी की चौथी मुलगी. जूनपासून ती रोज उशिरा येऊ लागली. एकदा, दोनदा, आठवडाभर. मी शिस्तीची बाई. तिला वर्गाबाहेर उभं केलं आणि घड्याळ बघायला शिक म्हणाले. मी भिंत रोज बघत होते, पोरीचा उशीर रोज बघत होते, आणि दोन्हींचा संबंध मला लागत नव्हता. त्याला ब्रह्मघोटाळा म्हणतात की निव्वळ सोयीचं आंधळेपण, हे मी अजून ठरवते आहे.

ते कळलं डिसेंबरात, त्या व्याख्यानाला.

लग्नसराई होती, गावचा हॉल मिळाला नाही. विलासने मंडळाला सांगितलं, माझं नवं गोडाऊन रिकामं आहे, भाडेकरू यायला अजून महिना आहे, तिथे ठेवा. मंडळ खूश झालं. आत लाल खुर्च्या मांडल्या, मागे बॅनर लावला. पत्र्याखाली माइकचा आवाज एवढा घुमत होता की पहिल्या दोन स्वागतपर भाषणांतलं मला फक्त ‘आदरणीय’ समजलं. सभा भरलेली दिसली पाहिजे म्हणून विलासने पाड्यावर टेम्पो पाठवला. टेम्पो पाड्यावरच्या पंचवीस-तीस बायका घेऊन हायवेला गेला, सर्व्हिस रोडने कंटेनरांच्या रांगेत अर्धा तास अडकला, आणि फिरून गोडाऊनच्या मोठ्या गेटातून आत आला. पूर्वी त्या बायका पाच मिनिटांत चालत आल्या असत्या. हे त्या दिवशी एकालाही विचित्र वाटलं नाही. उलट आभाराच्या कागदावर मी लिहून ठेवलं, वाहनव्यवस्था, श्री. विलास.

लाडकी दुसऱ्या रांगेत बसली. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र ताठ. ती व्यासपीठाकडे बघतच नव्हती. आधी खाली फरशीकडे, मग मागे भिंतीकडे, मग पुढे हायस्कुलाच्या दिशेला. मला नंतर लक्षात आलं की ती अंदाज घेत होती, वाट नेमकी कुठून जायची याचा. ती अगदी वाटेवरच बसली होती.

वक्त्या ठाण्याच्या वकील होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी पुष्कळ व्याख्यानं पचवली आहेत, पण ही बाई चांगली बोलली हे कबूल केलं पाहिजे. पुस्तकी बोलली नाही. हक्क म्हणजे सरकारने दिलेला प्रसाद नव्हे, माणूस जन्मतो तेव्हाच तो घेऊन येतो, असं म्हणाली. शेजाऱ्याचा हक्क गेला की आपण म्हणतो त्याचं तो बघेल, आणि नेमकं तेवढ्याने तो जातो, काढून घेणाऱ्याला फार जोर लावावा लागत नाही, असंही म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. विलास पहिल्या रांगेत होता, त्याने टाळ्या वाजवल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. माझा भाऊ वाईट माणूस नाही, हीच तर खरी कटकट आहे. वाईट असता तर एव्हाना भांडून मोकळी झाले असते.

शेवटी वकीलबाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? नेहमी इथे शांतता असते. त्या दिवशी लाडकी उठली. तिला माइक द्यायला कुणी गेलं नाही, पण तिचा आवाज सगळीकडे पोचला.

‘‘तुमी बोल्ल्या हक्क समद्यांना हाय. मंग या भितीत एक दार पाडून द्या. माजी नात शालंत पोचत न्हाय. एक दार, बस. बाकी काय नको.’’

क्षणभर मला कळेना कोणती नात. मग कळलं. जूनपासूनचे सगळे उशीर एकदम कळले.

अध्यक्ष सौम्य माणूस. ते म्हणाले, ‘‘आजी, प्रश्न विषयाला धरून विचारा.’’ मागे कुणी तरी हसलं. वकीलबाई गोंधळून इकडेतिकडे बघू लागल्या. लाडकी अध्यक्षांकडे बघतच नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. माइक माझ्यासमोर होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की प्रश्न विषयाला धरूनच आहे. चार शब्द. विलासची मान किंचित वळलेली मला दिसली. मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, ‘‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं आपण इथेच थांबवू या.’’ आणि आभार मानले. सगळ्यात आधी जागा दिल्याबद्दल विलासचे, कारण क्रमात तोच पहिला होता.

वकीलबाईंनी जाताना मला गाठलं. त्या आजी दाराचं काय म्हणत होत्या, असं विचारलं. मी सांगितलं, स्थानिक प्रश्न आहे. त्यांना हा शब्द आवडला नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण ठाण्याला जायचं होतं, कशेळीच्या पुलावर गाड्या तुंबल्याचा निरोप आला होता, त्या निघाल्या.

टेम्पो तोपर्यंत दुसऱ्या भाड्याला गेला होता. बायकांना आणायची व्यवस्था झाली होती, पोचवायची कुणाला सुचलीच नव्हती. विलास मला गाडीतून घरी सोडत होता तेव्हा त्या बायका सर्व्हिस रोडच्या कडेने एकामागे एक चालत होत्या, हातात बटाटावड्याची पाकिटं. शेजारून कंटेनर जात होते. लाडकी सगळ्यांत पुढे होती. मी काच खाली केली नाही.

त्यानंतरचे काही दिवस मी सगळ्यांवर चिडून काढले. वकीलबाईंवर, की बोलायचं आणि निघून जायचं. अध्यक्षांवर, मंडळावर, विलासवर. सगळ्यांवर चिडून झालं की शेवटी मीच उरायचे. दुसऱ्याचा हक्क जपणं आपलं काम का आहे यावर मी आता पानभर लिहू शकते, पण ते व्याख्यानातून शिकले नाही. माझा हिस्सा मी प्रेमाने सोडला, आणि त्यामुळे त्या शेतात लाडकीची बाजू घेऊ शकेल असं कुणी उरलं नाही. मोजणीच्या दिवशी सातबाऱ्यावर माझं नाव असतं तर मला विचारावं लागलं असतं. मी कदाचित तेव्हाही गप्प बसले असते. पण विचारावं तरी लागलं असतं.

एका सकाळी मी पाड्यावरून हायस्कुलापर्यंत चालून बघितलं. एक तास दहा मिनिटं. तीन ठिकाणी रस्त्याला कडच नाही, कंटेनर अंगाला घासून जातो. परतताना गोडाऊनच्या गेटाशी थांबून विचारलं, आतून पलीकडे जाऊ का? तिथला वॉचमन बिहारकडचा, वयस्कर. ‘‘मॅडम, इधर से अलाउ नहीं है,’’ म्हणाला, आणि मग जरा थांबून, ‘‘मेरे हाथ में होता तो खोल देता.’’ एवढं बोललेला तो पहिला माणूस.

जानेवारीत कंटेनरच्या पाठीमागच्या कडीत रंजनाचं दप्तर अडकलं. चार पावलं ती फरफटली, मग पट्टा तुटला म्हणून वाचली. लाडकीने दुसऱ्या दिवसापासून तिला पाठवलं नाही. मी पाड्यावर गेले तेव्हा रंजना कोपर सोलवटलेला हात मांडीवर ठेवून बसली होती. लाडकी म्हणाली, शाळेसाठी पोर मारायची का?

मग विलासकडे गेले. त्याने मला बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. त्यालाही वाईट वाटलं. तो म्हणाला की पोरीला सायकल देतो. मी म्हटलं, हायवेवर? मग म्हणाला, रिक्षा लावतो. मी म्हटलं, एक दार दे, खर्च माझा. तो म्हणाला की भाडेकरू कंपनीला भिंतीत भोक चालत नाही, आतल्या मालाची सिक्युरिटी असते, करारात लिहिलंय. रिक्षा त्याने खरंच लावली आणि ती तीन आठवडे चालली. विलास देतो ते भरपूर देतो. मागितलेलं तेवढं देत नाही. मी हट्ट सोडेना तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘‘ताय, तुजा आता त्या जागेत संबंध काय? सही तूच केलीस ना?’’ त्यात टोमणा नव्हता. तो खरं बोलत होता.

जूनमध्ये हजेरीपटावरून रंजनाचं नाव काढायची वेळ आली. वर्गशिक्षिका मीच. लाल शाईने रेघ मारायची आणि समोर लिहायचं, सतत गैरहजर. मी रेघ मारली. कारण या रकान्यात ‘भिंत’ असं लिहावं असं फार वाटलं, पण रकाना फार अरुंद असतो आणि मी फार शिस्तीची बाई आहे.

वहिवाटीच्या रस्त्याचा अर्ज मी त्याच महिन्यात लिहिला. आधी माझ्या नावाने घेऊन गेले. कचेरीतल्या कारकुनाने उतारा बघितला, फेरफार बघितला, आणि नम्रपणे विचारलं, ‘‘बाई, यात तुम्ही कोण?’’ त्या खोलीत दहा-बारा माणसं होती. मी कागद उचलला आणि बाहेर येऊन झाडाखाली बसून रडले, रागाने. मग अर्ज लाडकीच्या नावाने केला. तिने अंगठा दिला. तारखा पडू लागल्या. साहेब बैठकीला, साहेब निवडणुकीच्या कामाला, नकाशा सापडत नाही, नकाशा सापडला पण त्यात वाट नाही. त्यातच दोन दिवाळ्या गेल्या. रंजनाला अठरा वर्षं पूर्ण झाली, तिचं लग्न ठरलं आणि झालंही, वाड्याच्या बाजूला. लग्नात ती मला वाकून नमस्कार करायला आली आणि मी मागे सरकले.

गेल्या आठवड्यात एकदाची स्थळपाहणी झाली. भाऊबीज होऊन गेली होती, ओवाळणीची साडी अजून पिशवीतच होती. भिंतीपाशी महसूल खात्याचे मंडळ अधिकारी, तलाठी, विलास, कंपनीचा एक माणूस, आणि लाडकीसह पाड्यावरची सहा-सात माणसं. ऊन कोवळं होतं. अधिकारी नकाशा उघडून म्हणाले की इथे रस्त्याची नोंद नाही, मोजणीतही दिसलेला नाही. विलास म्हणाला, ‘‘साहेब, वाट न्हवतीच. भात व्हतं.’’ ते खोटं नव्हतं. पाड्यावरची माणसं एकदम बोलू लागली, अधिकाऱ्यांनी हात वर केला. अर्जदार तर वाट होती असंच म्हणणार, ते म्हणाले, जमीनमालकाच्या घरातलं कुणी सांगणारं आहे का?

मी आयुष्यभर माइकवर बोलले आहे. त्या दिवशी माइक नव्हता. विलास माझ्याकडे बघत होता, अगदी लहानपणी बघायचा तसा, ताई सांभाळून घेईल अशा खात्रीने. मी म्हणाले, ‘‘वाट होती. पावसात नसायची. कापणीला सगळ्यांत आधी आमचे वडील ती पाडून द्यायचे. मी त्यांच्या घरातली आहे, मी पाहिलंय.’’ तलाठ्यांनी लिहून घेतलं. मी वाचलं आणि खाली सही केली.

विलासने सही होईपर्यंत वाट बघितली. मग जवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाला, ‘‘ताय, पुढल्या भाऊबीजेला येऊ नको.’’ आणि गाडीत जाऊन बसला. मला बाबांच्या नंतर एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

अधिकारी म्हणाले, निकालाला दोन-तीन महिने लागतील, त्यावर समोरची बाजू अपिलात जाऊ शकते. माणसं पांगली. लाडकी तिथेच भिंतीच्या सावलीत उभी होती. खरं सांगायचं तर, ती माझा हात धरेल, निदान बरं केलंस बाय एवढं तरी म्हणेल, असं मला वाटत होतं. एका सहीसाठी भाऊ घालवून आले होते, मला काहीतरी हवं होतं. मीच म्हणाले की लाडकी, मला उशीर झाला.

‘‘झाला,’’ ती म्हणाली. ‘‘रंजीची शाला गेली. ती आता काय या वाटंनं येत न्हाय.’’ मग तिने पदर कमरेला खोचला आणि सर्व्हिस रोडच्या बाजूला चालायला लागली. दहा पावलांवर थांबली, वळली.

‘‘रंजीची धाकली भन हाय अजून. आटवीत गेली की तिला हितंच यायचं हाय. बाय, बिगीबिगी करा.’’